आपण कोणती बातमी उघडतो? राजकीय कल आणि ऑनलाइन वाचन

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणावर निकाल दिला. सहा विरुद्ध एक अशा बहुमताने राज्यांचा उपवर्गीकरणाचा अधिकार मान्य झाला आणि २००४ चा चिन्नय्या खटल्यातील निकाल मोडीत निघाला. त्यानंतरच्या रविवारी आमच्या अभ्यासवर्गात तरुण-तरुणी जमले, तेव्हा प्रत्येकाच्या मोबाइलवर या निकालाची बातमी होती. पण बातमी एक नव्हती. बौद्ध वस्तीतल्या मुलांच्या ग्रुपवर ‘आरक्षण संपवले’, ‘क्रिमीलेअर लागू झाले’ अशा मथळ्यांचे व्हिडिओ फिरत होते. शेजारच्या मातंग वस्तीतून येणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर ‘अखेर न्याय मिळाला’ असे संदेश होते. तासाभरात चर्चेचे भांडण झाले आणि दोन मुले वर्ग सोडून गेली.

त्या भांडणात एक गोष्ट आमच्या लक्षात आली. उपवर्गीकरण करायचे तर राज्याला आकडेवारीच्या आधारे अपुरे प्रतिनिधित्व दाखवावे लागेल, सर्व राखीव जागा एकाच गटाला देता येणार नाहीत आणि राज्याचा निर्णय न्यायालयात तपासला जाऊ शकेल, या तीन अटी दोन्ही बाजूंच्या एकालाही ठाऊक नव्हत्या. चार न्यायमूर्तींनी क्रिमीलेअरबद्दल आपले मत मांडले होते, पण त्याने क्रिमीलेअर लागू झाले नव्हते, हेही कोणाला माहीत नव्हते. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ‘क्रिमीलेअर लागू’ हा संदेश आदल्या रात्री आम्हीही न उघडताच पुढे पाठवला होता. समाजशास्त्रात एम.ए. करताना ज्या विषयावर परीक्षेत उत्तर लिहिले, त्याच चुकीत आम्ही सापडलो होतो.

आपल्या राजकीय कलाप्रमाणे आपण बातम्या निवडतो, हा तो विषय. चळवळीतल्या तरुणांना त्याची नीट माहिती असावी, म्हणून हा लेख.

निवडक वाचन म्हणजे काय?

आपल्या मताला दुजोरा देणारी माहिती जवळ करायची आणि मताला धक्का देणारी टाळायची, या सवयीला समाजशास्त्रात निवडक वाचन म्हणता येईल. यात बातमी वाचणे, व्हिडिओ पाहणे, भाषण ऐकणे सगळे आले.

याचा पहिला मोठा अभ्यास इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. १९४० मध्ये अमेरिकेत रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी काउंटीतल्या सुमारे सहाशे मतदारांना मेपासून नोव्हेंबरपर्यंत पुन्हा पुन्हा भेटून मुलाखती घेतल्या. प्रचारामुळे लोक किती बदलतात, हे त्यांना पाहायचे होते. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वेगळाच निघाला. ज्या पक्षाकडे माणूस आधीच झुकलेला होता, त्याच पक्षाचा प्रचार तो जास्त ऐकत आणि वाचत होता. प्रचाराने मत बदललेले लोक थोडे होते. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले होते.

असे का होते, याचे एक स्पष्टीकरण लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये दिले. आपल्या दोन समजुती एकमेकींशी भिडल्या की मनाला त्रास होतो, आणि तो त्रास टाळण्यासाठी माणूस नको ती माहिती बाजूला सारतो. पुढे १९६७ मध्ये सीअर्स आणि फ्रीडमन यांनी या स्पष्टीकरणाला मर्यादा असल्याचे दाखवले. माणूस दर वेळी मुद्दाम टाळतोच असे नाही. तो ज्या घरात, गल्लीत, नोकरीत असतो, तिथे एकाच प्रकारची माहिती जास्त येते. म्हणजे निवड दोन प्रकारची असते: एक आपण केलेली आणि एक आयती मिळालेली.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे पाहा. भावकीचा ग्रुप, वस्तीचा ग्रुप, विहाराचा ग्रुप, संघटनेचा ग्रुप. ज्या देशात वस्त्याच जातीनुसार वसल्या, तिथे ग्रुपही तसेच बनतात. त्या रविवारी आमच्या मुलांनी मातंग बांधवांची बाजू टाळली नव्हती. ती त्यांच्यापर्यंत आलीच नव्हती. उपवर्गीकरणाची मागणी महाराष्ट्रातल्या मातंग संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत, तरीही भिंतीपलीकडची ही बाजू अनेकांनी त्या दिवशी प्रथमच ऐकली.

बातमीआधी नाव पाहिले जाते

ऑनलाइन वाचनात एक नवी गोष्ट आली. वर्तमानपत्र घरात आले की आवडत्या-नावडत्या दोन्ही बातम्या एकाच पानावर समोर येत. मोबाइलवर प्रत्येक बातमी सुटी येते आणि ती उघडायची की नाही हे दर वेळी ठरवावे लागते. हे ठरवताना माणूस काय पाहतो?

शांतो अय्यंगार आणि क्यू हान या अभ्यासकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. त्यांनी खऱ्या बातम्यांचे मथळे घेतले आणि त्यांवर फॉक्स न्यूज, सीएनएन, एनपीआर, बीबीसी यांची चिन्हे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी लावली. बातमी तीच, फक्त तिच्यावरचे नाव बदललेले. उजव्या विचारांच्या रिपब्लिकन वाचकांनी फॉक्सचे चिन्ह असलेली बातमी ठळकपणे जास्त निवडली. डेमोक्रॅट वाचकांनी फॉक्स टाळून सीएनएन आणि एनपीआरकडे मोर्चा वळवला. विशेष म्हणजे हा प्रकार राजकारणापुरता राहिला नाही. गुन्हेगारी आणि पर्यटनाच्या बातम्यांतही, कमी प्रमाणात का होईना, तो दिसला. सहलीला कुठे जावे हे वाचतानाही माणूस आधी बातमी कोणाची ते पाहत होता.

आपल्याकडे याहून वेगळे घडत नाही. व्हिडिओ ‘आपल्या’ चॅनलचा आहे ना, संदेश ‘आपल्या’ माणसाने पाठवला आहे ना, एवढ्यावर तो खरा ठरतो. २०१९ मध्ये रॉयटर्स इन्स्टिट्यूटने भारतातल्या इंग्रजी जाणणाऱ्या इंटरनेट वाचकांची पाहणी केली, तेव्हा सुमारे निम्म्या लोकांनी व्हॉट्सॲपवर बातम्या मिळतात असे सांगितले होते. व्हॉट्सॲपवर बातमीसोबत अनेकदा वृत्तपत्राचे नावही येत नाही. तिथे पाठवणाऱ्याचे नाव हाच पुरावा होऊन बसतो.

दोष यंत्राचा की बोटाचा?

‘फेसबुक, यूट्यूब आपल्याला हवे तेच दाखवतात, म्हणून समाज दुभंगला,’ असे आपण कार्यक्रमांत बोलतो. एली पॅरिसर यांनी २०११ मध्ये हा मुद्दा लोकांसमोर आणला. कोणाला काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या संगणकी नियमांना अल्गोरिदम म्हणतात. तो आपल्या सवयी पाहून आपल्याभोवती एकाच रंगाचा फुगा तयार करतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर बरेच संशोधन झाले आणि चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले.

२०१५ मध्ये फेसबुकच्याच संशोधकांनी अमेरिकेतल्या सुमारे १ कोटी वापरकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मित्रांनी पाठवलेल्या बातम्यांपैकी विरोधी विचारांच्या बातम्या अल्गोरिदममुळे परंपरावादी वाचकांसाठी सुमारे ५ टक्के आणि उदारमतवादी वाचकांसाठी सुमारे ८ टक्के कमी झाल्या. त्यानंतर समोर आलेल्यांतून काय उघडायचे हे ठरवताना परंपरावाद्यांनी स्वतःहून सुमारे १७ टक्के आणि उदारमतवाद्यांनी सुमारे ६ टक्के गाळल्या. म्हणजे एका गटात वाचकाच्या बोटाचा वाटा मोठा होता, तर दुसऱ्या गटात यंत्राचा थोडा जास्त. हा अभ्यास कंपनीच्या स्वतःच्या माणसांनी केला आहे आणि आपला राजकीय कल उघड नोंदवणाऱ्यांपुरताच तो आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचायचा.

२०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत गूगलच्या शोधावरचा एक अभ्यास आला. विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ आणि २०२० या दोन निवडणूक वर्षांत काहीशे अमेरिकन लोकांच्या संमतीने दोन गोष्टी नोंदवल्या: गूगलने काय दाखवले आणि त्या माणसाने काय उघडले. गूगलने दाखवलेल्या बातम्यांपेक्षा लोकांनी स्वतः उघडलेल्या बातम्या जास्त एकतर्फी निघाल्या. समोर ताट वाढलेले होते, पण हात आवडीच्याच भाजीकडे जात होता.

त्याच वर्षी २०२० च्या अमेरिकी निवडणुकीबद्दलचे आणखी काही अभ्यास आले. एका प्रयोगात तेवीस हजारांहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांना समविचारी स्रोतांकडून येणारा मजकूर सुमारे एक तृतीयांशाने कमी दाखवला. तीन महिन्यांत त्यांच्या राजकीय मतांत मोजता येईल असा बदल झाला नाही. दुसऱ्या अभ्यासात दिसले की फेसबुकवरील फूट मित्रांच्या पोस्टपेक्षा पेज आणि ग्रुप यांच्यामुळे जास्त पडते. ज्या ग्रुपांत आपण स्वतःच्या मर्जीने जातो, तेच आपल्याला एका बाजूला नेतात.

यावरून यंत्र निर्दोष ठरत नाही. राग आणणारा मजकूर वर ठेवून कंपन्या पैसा करतात, त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण सगळा दोष यंत्रावर टाकला की आपले काम संपते, आणि बोट तर आपलेच असते.

मग विरोधकांचे वाचायला लावले तर?

हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. क्रिस्टोफर बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ट्विटर वापरणाऱ्या अमेरिकन लोकांना पैसे देऊन महिनाभर विरोधी बाजूचे संदेश पाठवणारे खाते पाहायला लावले. रिपब्लिकन लोक महिनाअखेरीस आधीपेक्षा जास्त कडवे झाले. डेमोक्रॅटही किंचित आपल्या बाजूला सरकले, पण तो फरक ठोस म्हणावा इतका नव्हता. दिवसभर विरोधी नेत्यांची वाक्ये अंगावर आली की माणूस त्यांतून शिकत नाही, चिडतो. आपल्या वस्त्यांतही कोणी जातीयवादी पेजवरची पोस्ट ‘बघा काय म्हणतात’ म्हणून टाकली की काय होते, हे आपण पाहतो. तिथे संताप वाढतो आणि समज होती तिथेच राहते.

कल असणे हा गुन्हा नाही

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकतर्फी वाचू नका म्हणजे तटस्थ व्हा, असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा तो कोणाची बाजू घेतो हे नावातच सांगितले होते. त्या काळची बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, हे त्यांनी पहिल्याच अंकात दाखवून दिले. ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. अस्पृश्यांचा आवाज प्रस्थापित वाचकांपर्यंत पोहोचू नये, याची सोय दारातच झाली होती. वाचकाने निवडण्याआधीच संपादकाने निवडले होते.

पण बाबासाहेबांनी मात्र विरोधकांची पत्रे वाचणे सोडले नाही. ३ एप्रिल १९२७ पासून निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे अंक चाळले की दिसते, महाडच्या सत्याग्रहावर आणि अस्पृश्यतेच्या प्रश्नावर इतरांनी काय लिहिले ते वाचून, त्यांचा मुद्दा नीट मांडून, मग ते त्याचा समाचार घेतात. बाजू पक्की होती आणि वाचन चौफेर होते.

आपल्यात कालाम सुत्ताचा दाखला नेहमी दिला जातो. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे आपल्याला पाठ असते आणि ते आपण इतरांना ऐकवतो. त्याच यादीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. एखादे मत आपल्या मनात आधीच रुजलेल्या मताशी जुळते, एवढ्यावरून तेही मानायचे नाही. बुद्धांचा हा इशारा विरोधकांच्या ग्रंथांइतकाच आपल्या ग्रुपवर आलेल्या संदेशालाही लागू होतो.

तासाभराच्या शिबिराने भागत नाही

आपण कार्यकर्ते मंडळी यावर एक ठरलेला उपाय करतो: एक शिबिर, एक वक्ता, एक तास. बिहारमध्ये २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी नेमके हेच तपासले. १,२२४ लोकांचा हा प्रयोग होता. त्यांतल्या काहींना घरी जाऊन सुमारे तासभर खोटी बातमी कशी ओळखावी ते शिकवले. दोन आठवड्यांनी पाहिले तेव्हा शिकलेल्या आणि न शिकलेल्या लोकांत सरासरी फारसा फरक नव्हता. भाजपकडे कल असलेल्यांच्या बाबतीत तर आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता शिकवल्यानंतर घटलेली दिसली. हे वाचून आपल्याला बरे वाटू शकते. पण तसे बरे वाटणे हाच या लेखाचा विषय आहे. कल पक्का असेल तर शिकवणही त्या कलाच्या बाजूने वापरली जाते, हा धडा प्रत्येक पक्षाच्या आणि गटाच्या माणसाला घेण्यासारखा आहे.

पुढे बिहारमध्येच दुसरा, मोठा प्रयोग झाला. त्यात शेकडो गावांतले १३ हजारांहून अधिक शाळकरी विद्यार्थी होते. ज्यांना शिकवायचे ठरले त्यांना एका तासात न उरकता काही आठवड्यांत पसरलेल्या वर्गांतून शिकवले. या मुलांना खरे-खोटे जास्त चांगले ओळखता आले आणि हा परिणाम काही महिन्यांनीही टिकून राहिला. म्हणजे उपाय आहे, पण त्याला सातत्य लागते, आणि ठाम मते बनण्याच्या वयात तो झाला तर जास्त लागू पडतो. दर रविवारी भरणारा विहारातला वर्ग, अभ्यासिका, वसतिगृहातला वाचनगट ही साधने आपल्या हातात आधीच आहेत.

आम्ही काय बदलले

त्या भांडणानंतर आमच्या वर्गात काही नियम आले. ते अवघड नाहीत, पण पाळायला धीर लागतो.

१. मूळ कागद आधी. निकाल असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरचा निकाल. सरकारी निर्णय असेल तर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर मराठीतच मिळणारा शासन निर्णय. सगळा वाचणे जमत नसेल तर निदान शेवटचा आदेश वाचायचा. चर्चा त्यानंतर.

२. एका घटनेच्या तीन बातम्या. एक आपल्या आवडीची, एक नावडीची आणि एक अशी की जिचा आपल्या जातीशी किंवा पक्षाशी संबंध नाही. नावडीची बातमी म्हणजे शिवीगाळ करणारे पेज नव्हे, तर त्या बाजूचा सर्वांत नीट लिहिणारा माणूस शोधायचा.

३. समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही.

४. न उघडलेली बातमी पुढे पाठवायची नाही. पाठवली आणि चुकीची निघाली, तर त्याच ग्रुपवर तसे लिहायचे. नुसती पोस्ट खोडून गप्प बसायचे नाही.

५. महिन्यातून एकदा प्रत्येकाने मोबाइलमधला आपला शोधाचा आणि पाहण्याचा इतिहास स्वतःच तपासायचा. तो कोणाला दाखवायची गरज नाही. गेल्या महिन्यात आपण कोणाचे एकदाही ऐकले नाही, एवढेच त्यातून पाहायचे.

पहिल्या नियमाचा उपयोग आम्हाला लगेच झाला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने, राज्यघटनेत अनुसूचित जाती-जमातींसाठी क्रिमीलेअरची तरतूद नाही, अशी भूमिका जाहीर केली. २१ ऑगस्टला भारत बंद झाला. त्या दिवशी आमच्या वर्गातली काही मुले बंदमध्ये उतरली, काही उतरली नाहीत. पण निकालात काय आहे आणि काय नाही, हे आता दोन्हीकडच्यांना सांगता येत होते. उपवर्गीकरण हवे की नको, यावर एकमत झाले नाही आणि आजही नाही. ते वाचनाने होईल अशी आमची अपेक्षाही नव्हती.

वर्ग सोडून गेलेल्या दोन मुलांच्या घरी आम्ही नंतर गेलो. चूक आमचीही होती, आम्हीही न वाचता पाठवले होते, हे आधी सांगितले. त्यातला एकजण परत आला. दुसरा अजून आलेला नाही. त्याच्या वस्तीच्या ग्रुपवर काय वाचले जाते, हे आम्ही आता त्याच्या मित्रांकडून मागून घेऊन वाचतो. तो परत आला तर त्याच्याशी बोलताना निदान त्याची बाजू आम्हाला माहीत असेल.